फाळक्यावरचा राघू

"राघू कुठाय?" मी विचारलं.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आहे की तिथंच. रविवारात बघ."

रविवारात म्हणजे गोळ्यांच्या डबीतल्या रविवारच्या कप्प्यात. सासूबाईंच्या औषधांची सात कप्प्यांची डबी त्या गेल्यापासून माळ्यावर पडून होती. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ती त्यांच्या गाडीच्या बारीक भागांसाठी काढली होती. सोमवारात दोरी बांधायचे हुक, मंगळवारात कड्या, बुधवारात टाचण्यांची कापलेली डोकी. रोज संध्याकाळी सहा वाजता, माझ्या मुलीला, चार्वीला, बाहेरच्या खोलीत सोडायच्या आधी, मी ती डबी उघडून मोजायची. आकडे कागदावर लिहून ठेवलेले होते. गाडीला बसवून उरलेले बारा हुक, चोवीस कड्या, आणि बसवायचा राहिलेला एक राघू. हा आमचा करार होता. म्हणजे अटी सगळ्या माझ्या, आप्पांनी नुसती मान डोलावली होती.

रविवारात काही नव्हतं.

"रिकामा आहे, आप्पा."

"असं कसं? दुपारीच तर पॉलिशपेपर मारला त्याला." ते उठून टेबलाखाली वाकले. सत्तरीचा माणूस, गुडघे कडकड वाजले.

ती गाडी टेबलावर उभी होती. दीड वीत लांब, लांब नाकाची, लाकडी बॉडीची ट्रक. आप्पांनी तीस वर्षं जी चालवली तिचीच प्रतिकृती. खरी गाडी सांगलीची हळद घेऊन इंदूर-दिल्लीपर्यंत जायची. तिची बॉडी पंच्याऐंशी साली मिरजेच्या दस्तगीर मिस्त्रींनी बांधली होती. सव्वा महिना आप्पा त्यांच्या शेडमध्येच झोपायला होते, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. पुढं गाडी भंगारात गेली आणि मिस्त्रींची नजर साखरेनं गेली. त्या वर्षी दिवाळीत आप्पा त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "भूपाल, तुझ्या गाडीला एकदा हात लावायचा होता बघ. डोळ्यानं नाही तर नाही."

आप्पा घरी आले ते हेच डोक्यात घेऊन. अभिनंदननं, माझ्या नवऱ्यानं, पुण्याहून एका परदेशी ट्रकचं किट आणून दिलं. खऱ्या गाडीपेक्षा चोवीस पटींनी लहान. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले दोनशे भाग आणि एक पुस्तिका. पुस्तिका आप्पांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. चाकं, चासी आणि नाक तेवढं घेतलं, बाकी सगळं हातानं. आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, पावडरच्या डब्याच्या पत्र्याच्या बिजागऱ्या, गोळ्यांच्या पाकिटाचे हेडलाइट, जुन्या छत्रीच्या कापडाची ताडपत्री. रंग दिला नाही. "त्याला रंगाचं काय? रंगानं उलट रेघा बुजतात," म्हणाले. बोटांना लागेल ते सगळं मात्र हवं होतं. बॉडीवरचा एकेक रिबीट टाचणीच्या डोक्याचा केला होता.

आणि राघू. ती मिस्त्रींची खूण होती. गाडीचा फाळका, म्हणजे मागची उघडती फळी, तिच्या उजव्या कोपऱ्यात ते शिसवाचा एक राघू बसवायचे, मालकानं सांगो न सांगो. त्याशिवाय बॉडी शेडबाहेर सोडायचे नाहीत. आप्पांनी कोरलेला राघू हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. चोच, डोळा, शेपटीवर तीन रेघा. चार फुटले तेव्हा पाचवा जमला होता.

"नाही गं दिसत," आप्पा टेबलाखालून म्हणाले.

आणि माझ्या मागं चार्वी खोकली.

ती सव्वा वर्षाची होती तेव्हा. आतल्या खोलीतून कधी उठून आली कळलं नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी होती, एक गाल फुगलेला. पुन्हा खोकली, आणि तिचा चेहरा लाल झाला. मी तिला उचललं, पालथी घातली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. भिजलेलं बिस्कीट निघालं. मग ती माझ्या हातावर ओकली. त्या ओकारीत मी बोटांनी राघू शोधला. नव्हता.

"गिळला," मी म्हणाले. "हिनं गिळला तो."

"मी तिला खाली सोडलंच नाही गं आज..." आप्पा टेबलाच्या कडेला धरून उठत होते.

"नाही कसं? मगाशी मी दूध तापवायला गेले तेव्हा इथंच होती की तुमच्यापाशी! दहा मिनिटं होती!"

"दहा मिनिटं, पण मांडीवर..."

"म्हातारपणी खेळणी करत बसायचं आणि आम्ही जिवाला घोर लावून घ्यायचा! जाईल माझी पोरगी एक दिवस तुमच्या या खेळण्यापायी!"

समोरच्या कुंभोजकर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. काकूंनीच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी चार्वीची छाती तपासली, एक्स-रे काढला. अभिनंदन कंपनीतून परस्पर तिथंच आला.

"लाकूड एक्स-रेत दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "श्वास साफ आहे. खोकला सर्दीचाही असू शकतो. ताप आहे ना दुपारपासून? पोटात गेलं असेल तर दोन-तीन दिवसांत बाहेर पडेल. शी तपासत राहा."

"आणि नाही पडलं तर?"

"मग परत या. पण एवढं घाबरू नका हो. मुलं काय काय गिळतात."

मला त्यांचं ते 'एवढं' लागलं. मी नेहमीच एवढी घाबरायची. माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक फ्लास्कवर कागदी टेपची पट्टी लावून तारीख घालायची सवय होती, ती लग्नानंतर स्वयंपाकघरात आली. तूप कधी कढवलं, पीठ कधी दळलं, सिरप कधी उघडलं, सगळ्यावर तारीख. टेप आप्पांच्या टेबलावरचीच घ्यायची. ते हसायचे. "मलापण एक पट्टी चिकटव की. कधीचा आहे ते तरी कळंल."

आम्ही घरी आलो तेव्हा बाहेरच्या खोलीतलं टेबल मोकळं होतं. आप्पा खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. करवती, पाती, गोंद, काड्या, डबी, सगळं द्राक्षाच्या एका खोक्यात भरून त्यांनी वरून सुतळी बांधली होती. एकटी गाडी शोकेसवर ठेवली होती, मुलीचा हात पोचणार नाही एवढी वर. फरशी ओली होती. त्यांनी खोलीचा कोपरा न् कोपरा तळहातानं चाचपून घेतला होता, हे काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "रांगत होते गं बिचारे."

"काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"बघू म्हणाले," मी म्हणाले.

"माझी चूक झाली, त्रिशला. हातासरशी डबीत टाकायला पाहिजे होता."

अभिनंदन काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो चार्वीला घेऊन आत गेला.

दोन दिवस मी हातमोजे घालून, गाळणी घेऊन मुलीची शी तपासली. सकाळी-संध्याकाळी आप्पा दारात यायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "मिळाला?" "नाही," मी म्हणायची. ते परत जाऊन खुर्चीत बसायचे. चार्वीला द्राक्ष द्यायचं झालं तर एका द्राक्षाच्या चार फोडी करायचे. शेंगदाणा वाटीत घालून चमच्यानं चुरायचे, मग तो चुरा पुन्हा बोटांनी चाळायचे. तिला मांडीवर घेणं तर बंदच केलं होतं. ती हात पसरून जायची, ते म्हणायचे, "आईकडं जा बाळ."

तिसऱ्या दिवशी सकाळी चार्वीचं अंग पुन्हा कोमट लागलं. मी तापाच्या सिरपची बाटली घेतली. झाकण घट्ट होतं म्हणून बाटली मुठीत आवळून धरली, तर अंगठ्याला काहीतरी टोचलं. तारखेची पट्टी एका जागी फुगली होती.

मी पट्टीचं टोक नखानं सोडवलं.

राघू होता. चोच, डोळा, शेपटीवर तीन रेघा. डिंकाला चिकटून आडवा झोपला होता.

पुढचं सगळं मला तिथंच, ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं. हातात काम असलं की आप्पा बारीक भाग टेपच्या सुट्या टोकाच्या चिकट बाजूला लावून ठेवायचे, उडून जाऊ नये म्हणून. काम संपलं की डबीत. त्या दिवशी डबीत टाकायचा राहून गेला. आणि चार वाजता, पोरगी तापानं रडत असताना, मी घाईघाईनं येऊन ते टोक फाडून नेलं आणि नव्या बाटलीवर चिकटवलं. वर तारीखही घातली. सुवाच्य अक्षरात.

"त्रिशला," आप्पा जैन बस्तीतून दर्शन करून आले होते. दारातच उभे राहिले. "ताप आहे का गं अजून?"

मी मूठ मिटली. "थोडा."

"आणि ते... मिळालं?"

"नाही," मी म्हणाले.

इतकंच झालं. ठरवून काही केलं नाही. तोंडाला त्या उत्तराची सवय झाली होती असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण ते खरं नाही. कुंभोजकर काकूंच्या देखत मी जे ओरडले होते ते मला परत घ्यावं लागणार होतं. आणि दुसरंही एक होतं. ते दोन दिवस बाहेरची खोली मोकळी होती. पातं नाही, गोंद नाही, टाचणी नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी दुपारी अर्धा तास गाढ झोपले होते.

संध्याकाळी मी अभिनंदनला म्हणाले, "पडला असेल बाहेर. आपल्याला दिसला नसेल." आप्पांनी ते ऐकलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

राघू मी शिवणाच्या डब्यात ठेवला. डब्यात पांढऱ्या शर्टाच्या बटणांची एक प्लास्टिकची पुडी होती, तिच्यात. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. उद्या सांगू, म्हटलं. उद्या झाला, परवा झाला. एकदा वाटलं सोफ्याखाली टाकावा आणि झाडताना सापडला म्हणावं. पण आप्पांनी सोफ्याखालची फरशी स्वतः पुसली होती.

नवव्या की दहाव्या दिवशी मिरजेहून मिस्त्रींच्या सुनेचा फोन आला. नसीम तिचं नाव. "आब्बांचं काही खरं नाही. किडनीचं वाढलंय. भूपालकाका कधी येतात म्हणून सारखं विचारतायत."

आप्पांनी गाडी शोकेसवरून उतरवली, फडक्यात गुंडाळली. दुसरा राघू करायचा म्हटलं तर खोक्याची सुतळी सोडावी लागली असती. त्यांनी ती सोडली नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तू पण चल. मिस्त्रीनं चार्वीला कुठं बघितलंय अजून."

"मी कशाला, आप्पा?"

"चल म्हणतोय तर."

मी पोरीची पिशवी भरली. दुपटी, पाण्याची बाटली, सिरप, कपड्यांचा एक जोड. दाराला कुलूप लावताना त्यांनी विचारलं, "सगळं घेतलंस ना?"

"हो."

"काही राहिलं नाही ना? बघ एकदा. थांबतो मी."

"घेतलंय हो सगळं."

ते क्षणभर तिथंच उभे राहिले. मग जिना उतरायला लागले.

वडापच्या शेअर रिक्षात मी त्यांच्या समोर बसले होते. मांडीवर गाडी, तिच्यावर त्यांचे दोन्ही हात. माझं लक्ष त्यांच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेलं. नवीन होतं आणि निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं. पांढऱ्या शर्टावर आकाशी दोरा. मनात म्हटलं, मला सांगितलं असतं तर मी लावून दिलं नसतं का? मग वाटलं, आता मला कशाला काय सांगतील.

चार्वी कुरकुरायला लागली तसं त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातात एक द्राक्ष दिलं. अख्खं.

"आप्पा! फोडी न करता?" मी ते तिच्या हातातून हिसकावलं.

"काही होत नाही," ते बाहेर बघत म्हणाले. "चावती ती."

मिस्त्री खाटेवर उशीला टेकून बसले होते. पाय सुजलेले, दाढी पांढरी. आप्पांची चाहूल लागताच म्हणाले, "कोण, मालक का? हॉर्न नाही वाजवला आज?"

"हॉर्न भंगारात गेला, मिस्त्री."

"तू कसा राहिलास मग?"

दोघं हसले. मिस्त्रींना हसताना धाप लागली. नसीम पाणी घेऊन आली. मी चार्वीला पुढं केलं. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवला. "नाक तुझंच आहे रे भूपाल. पोरीचं नशीब."

मग आप्पांनी फडकं सोडून गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

पहिल्यांदा मिस्त्री दोन्ही तळहात नुसते गाडीवर ठेवून बसले. मग बोटं निघाली. नाकावरून, हेडलाइटवरून, केबिनच्या फळ्यांवरून. त्यांची बोटं जाड होती, नखं चिरलेली. पण ती त्या टाचण्यांच्या डोक्यांवरून अशी फिरत होती, जसं कुणी वाचतंय.

"ही डावी बाजू," ते पुटपुटले. "कड्या... दहा, अकरा, बारा. बरोबर. तिसरी वाकडी असायची. ट्रकनं मागं धडक दिली होती इंदुरात." त्यांचं बोट मागं गेलं. "अरे! वाकडीच केलीस तू!"

"वाकडी होती तर वाकडी केली."

"नसीम! अगं इकडं ये, बघ! तिसरी कडी वाकडी! तीच आहे ही! माझ्या हातची!" त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "फाळका कुठाय? हां. हा फाळका. बिजागरी. साखळी. आणि इथं..."

बोट उजव्या कोपऱ्यात थांबलं. मागं-पुढं झालं. पुन्हा थांबलं.

"राघू?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कुणी निरोप आणला असावा आणि तो आता सांगेल, असं बघत होते. मी चार्वीचं टोपडं नीट केलं. त्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली. एक वाक्य बोलायचं होतं. घरी आहे, माझ्याकडे आहे, संध्याकाळी घेऊन येते. नसीम होती, मिस्त्री होते. यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"सूनबाई," आप्पा हळूच म्हणाले, "काही म्हणालीस?"

"नाही. काही नाही."

त्यांनी मान वळवली. "राघू राहिला, मिस्त्री. पुढच्या खेपेला आणतो."

"बिनराघूचा फाळका मी कधी शेडबाहेर सोडला नाही," मिस्त्री म्हणाले. आवाज बारीक झाला होता. बोट अजून त्या कोऱ्या जागेवरच होतं. "ही माझी नाही मग. दुसऱ्या कुणाची असंल, भूपाल. तशीच केली असंल कुणी." मग त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. ते हसले, आप्पांच्या मांडीवर थाप मारली. "का उडाला? पेरू खायला गेला असंल. येतो, येतो. तू घाई नको करू."

परत येताना रिक्षाची वाट बघत आम्ही चौकात उभे होतो. चार्वी माझ्या खांद्यावर झोपली होती.

"तुला काही म्हणायचं होतं का?" आप्पांनी विचारलं.

"नाही. का?"

"बरं."

गुरुवारी नसीमचा फोन आला. मिस्त्री पहाटे गेले. आप्पा मयतीला गेले, दुपारी परत आले, आणि खाली अंगणात हातपाय धुऊन खुर्चीत बसून राहिले. तेव्हा मी आत जाऊन शिवणाचा डबा उघडला. आता तरी त्यांच्या हातात ठेवायचा, पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवून. बटणांची पुडी उघडली. राघू नव्हता. डबा उपडा केला. सुया, रिळं, टिचबटणं, सगळं चाचपलं. नव्हता. एखाद्या वेळी बटण काढताना पडला असेल आणि झाडताना गेला असेल, असं वाटलं. आणि लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. द्राक्षाचं खोकं त्यांनी कधी उघडलं नाही. अभिनंदन म्हणायचा, "दुसरं किट आणू का?" तर म्हणायचे, "ज्याच्यासाठी करत होतो तो गेला." चार्वीला मात्र त्यांनी पुन्हा मांडीवर घेतलं, त्या मिरजेच्या रविवारपासूनच. मला वाटलं भीती ओसरली. तिला बालवाडीत सोडायचे, आणायचे, शेंगा सोलून अख्खे दाणे तिच्या ओंजळीत टाकायचे. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. गाडी शोकेसवर होती, नाक खोलीकडे, फाळका भिंतीकडे. ती आप्पाच पुसायचे. मी लांबूनच जायची. ते गेल्यावर मी तिच्यावर फडकं मारायची, पण समोरून.

मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं. चार्वी आता आठ वर्षांची आहे. मी वर्तमानपत्रं अंथरत होते, आणि ती स्टुलावर चढून शोकेसवरच्या वस्तू उतरवत होती.

"आई, हिच्या मागं पोपट आहे!"

मी वर बघितलं.

"खरंच. बांधलाय कुणीतरी. हे बघ."

तिनं गाडी माझ्या हातात दिली. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात राघू होता. गोंदानं चिकटवलेला नव्हता. दोऱ्याचे दोन वेढे पोटावरून घेऊन कडीतून ओवले होते आणि वर गाठ मारली होती, ताडपत्रीच्या दोरीला ड्रायव्हर लोक मारतात तशी. दोरा आकाशी निळा होता. चार्वीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकसाठी आणलेला. त्याचं रीळ शिवणाच्या डब्याशिवाय घरात दुसरीकडे कुठंच नव्हतं.

पांढऱ्या शर्टाचं बटणही त्या पुडीशिवाय दुसरीकडे कुठं नव्हतं.

मी वर्तमानपत्रावरच बसले. म्हणजे त्या रविवारी सकाळीच त्यांना तो दिसला होता. पोरीनं काही गिळलं नव्हतं हे कळलं होतं, म्हणून तर अख्खं द्राक्ष. त्यांनी पुडी होती तशी मिटून ठेवली आणि मला म्हणाले, तू पण चल. खिशात घालून स्वतः आणू शकले असते. मग कुठं मिळाला असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून ते दाराशी थांबले, रिक्षात थांबले, मिस्त्रींच्या खाटेपाशी थांबले, चौकातही थांबले. आणि मिस्त्री गेल्यावर, मी डबा उघडायच्या आधी, त्यांनी तो उचलून जागेवर बांधला आणि फाळका भिंतीकडे करून ठेवला. कुणाला दिसू नये म्हणून.

"आप्पांनी बांधलाय का?" चार्वी माझ्या शेजारी येऊन बसली.

"हो."

"मग भिंतीकडं का करून ठेवलावता? एवढा छान आहे तर."

मी डोळे मिटले आणि राघूवर बोट ठेवलं. चोच. डोळा. शेपटीवर तीन रेघा.

"तू सव्वा वर्षाची होतीस," मी म्हणाले. "तुला ताप आला होता त्या दिवशी."

"मग?"

माझं बोट शेपटीवर थांबलं होतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

"सांग की," ती म्हणाली.